सही कुणी करायची?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या महिन्यात एक व्याख्यान झालं. विषय होता ‘इच्छामरण : एक परकं खूळ’. वक्ते निवृत्त प्राध्यापक, वाणी रसाळ, सभागृह भरलेलं. तासाभरात त्यांनी ‘लिव्हिंग विल’ नावाच्या कागदाची अशी काही धुलाई केली, की शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीने हातातला कोरा नमुना हळूच घडी घालून पर्समध्ये ढकलला. घरी आल्यावर तिने तो फाडला, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. म्हणून हा लेख. वक्त्यांबद्दल आदर आहे, त्यांच्या म्हणण्याबद्दल नाही.

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ त्यानेच घातला आहे. फ्लॅट थोरल्याला आणि पाटल्या धाकटीला, असं लिहिलेल्या कागदाला आपण बिनदिक्कत ‘मृत्युपत्र’ म्हणतो. त्यात कुणाला काही अभद्र वाटत नाही. पण शुद्ध हरपल्यावर माझ्या शरीरावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, एवढंच सांगणाऱ्या कागदाला आपली वर्तमानपत्रं ‘इच्छामरण’ म्हणतात आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. इच्छामरणी होते भीष्म. मरण कधी यावं हे त्यांच्या हातात होतं; उत्तरायण लागेपर्यंत त्यांनी ते थोपवून धरलं. तुमच्या-माझ्या हातात यातलं काही नाही आणि हा कागद ते हातात देतही नाही. वक्त्यांनी भीष्मांचं उदाहरण दिलंच आहे, तर त्याच भीष्मपर्वातला पुढचा प्रसंगही सांगायला हवा होता. शरशय्येवर पडलेल्या पितामहांसाठी दुर्योधन बाण काढणारे कुशल वैद्य घेऊन येतो. भीष्म म्हणतात, यांना मान द्या, धन द्या आणि परत पाठवा. उपचार नाकारण्याची आपल्याकडची इतकी सभ्य गोष्ट मला दुसरी माहीत नाही. वैद्यांवर राग नाही, दुर्योधनावर संशय नाही. नको, एवढंच.

‘वैद्यकीय इच्छापत्र’ हा त्यातल्या त्यात बरा शब्द. मी तोच वापरते.

आता ‘म्हाताऱ्यांना संपवण्याचा परवाना’ हा आरोप. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे मान्य केलं आणि या इच्छापत्राला कायदेशीर बळ दिलं. इंजेक्शन देऊन कुणाला मारणं हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. मुभा आहे ती बरं होण्याची आशा न उरलेल्या माणसाला यंत्राने ताणून न धरण्याची. ती मिळवण्याची वाट तरी बघा. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ यांचं मंडळ, तज्ज्ञांचा अनुभव पाच वर्षांहून कमी चालत नाही. त्यांचं मत झालं की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. इच्छापत्रात ज्यांची नावं असतील त्यांची संमती. शेवटी अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालय. याला परवाना म्हणायचं असेल तर म्हणा, पण हा परवाना काढण्यापेक्षा मुंबईत पार्किंग मिळवणं सोपं आहे. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. तालुक्याच्या गावातल्या वीस खाटांच्या दवाखान्याने मंडळांना दिलेल्या अठ्ठेचाळीस तासांत इतके तज्ज्ञ आणायचे कुठून?

मूळ निकालात तर इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. त्या पायऱ्या चढून कोण जाणार? पाच वर्षं तो हक्क कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच अटी सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

ज्या लोभी मुलाची भीती वक्त्यांनी घातली, त्याला या कागदाची गरजच नाही. त्याच्यासाठी वेगळा कागद प्रत्येक रुग्णालयाच्या काउंटरवर केव्हाचा तयार आहे. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत.’ त्यावर सही केली की झालं. ना मंडळ, ना तज्ज्ञ, ना न्यायदंडाधिकारी. अतिदक्षता विभागात ज्यांचं कुणी राहिलं आहे त्यांनी हे पाहिलेलं असतं. पैसे संपतात किंवा धीर संपतो, डॉक्टर मान खाली घालून म्हणतात, ‘घरी नेऊन सेवा करा’, आणि रुग्णवाहिकेत हाताने श्वासाचा फुगा दाबत माणसाला घरी आणतात. त्यात लोभी क्वचित असतात, बहुतेक हताश असतात. म्हणजे उपचार थांबवण्याचे निर्णय आपल्याकडे रोज होत आहेत. ते चोरून होतात, वेदनाशामक औषधाची सोय न करता होतात आणि ज्याचं मरण आहे त्याला वगळून होतात. या प्रकाराबद्दल तासाभराच्या व्याख्यानात एक वाक्य नव्हतं.

‘पोटच्या मुलांवर विश्वास नाही म्हणून कागद करायचा?’ या वाक्याला टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, कारण मला माझ्या सासूबाई दिसत होत्या.

२०१६ सालची गोष्ट. सासूबाई शहाऐंशीच्या. पहिल्या झटक्यातून सावरल्या होत्या, काठी घेऊन देवघरापर्यंत जायच्या. त्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणाल्या होत्या, ‘हे बघ, मला त्या नळ्याबिळ्या लावू नका हं. शेजारच्या काकूंचं बघितलं ना?’ मी काय म्हणाले? ‘अहो आई, सणासुदीचं काहीतरीच काय बोलता!’ शुभ बोल नाऱ्या, ही आपली शिकवण. नवरा हसला, नातीने विषय बदलला, सासूबाई पुन्हा तांदळात डोकं घालून बसल्या. एका बाईने आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना दिली होती आणि आम्ही सुशिक्षित माणसांनी ती खड्यासारखी वेचून टाकून दिली.

दुसरा झटका रात्री आला. दोन वाजता रुग्णालयात पोचलो. आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला, बिचारा स्वतःच पेंगुळलेला, आणि विचारलं, ‘नातेवाईक कोण? सही करा.’ श्वासाच्या नळीसाठी एक सही. मानेतल्या शिरेत घालायच्या नळीसाठी दुसरी. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं थकली म्हणून डायलिसिसची तिसरी. नणंद टोरांटोहून फोनवर रडत होती, ‘दादा, सगळं करा, काही कमी पडू देऊ नका.’ तिचं चूक नव्हतं; सात समुद्रांपलीकडून माणूस आणखी काय म्हणणार? माझ्या नवऱ्याने प्रत्येक वेळी सही केली. नाही म्हणायचं म्हणजे आईला मारायचं, असंच तेव्हा कुणालाही वाटतं. अर्धं अंग लुळं पडलेलं. चालत होता तो एकच हात, आणि तो हात नळी ओढतो म्हणून पट्टीने पलंगाला बांधला होता. अकरा दिवस. आम्हाला भेटायला सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. डॉक्टरांना मी दोष देत नाही. कुणी थांबा म्हणालं नाही, तर त्यांनी थांबायचं कसं?

नवरा आज सत्तरीचा आहे. अजूनही एखाद्या रात्री उठून बसतो. ‘तो हात सोडायला सांगायला हवा होता,’ म्हणतो. मुलांवर विश्वास नाही म्हणून हा कागद करतात, असं म्हणणाऱ्यांनी त्याच्यासमोर येऊन बसावं. आईचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. त्या विश्वासाने त्याच्या हातात पेन दिलं आणि काय लिहायचं ते सांगितलं नाही. सांगायला ती गेली तेव्हा आम्हीच तिला गप्प केलं होतं. मी माझ्या मुलीच्या वाट्याला ते पेन येऊ देणार नाही. तिच्यावर माझा किती विश्वास आहे याची चौकशी कुणी करू नये.

कुणी म्हणेल, इच्छापत्र नसलं तरी नातेवाइकांच्या संमतीने तीच मंडळं निर्णय घेऊ शकतात, मग कागद कशाला? घेऊ शकतात, खरं आहे. पण तेव्हा प्रश्न असतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ कागद असला की प्रश्न होतो, ‘त्यांनी काय सांगितलं होतं?’ पहिल्या प्रश्नाने भावंडं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात. दुसऱ्याला उत्तर असतं.

संस्कृतीचा मुद्दा मला खरं तर सगळ्यात आवडला, कारण तो पूर्णपणे वक्त्यांच्या विरोधात जातो. आपल्या संस्कृतीत माणूस कसा जात असे? घरात, आपल्या माणसांत. ओठांना गंगाजळ लावायचं, तोंडात तुळशीचं पान ठेवायचं, कुणीतरी डोकं मांडीवर घ्यायचं, कुणी विष्णुसहस्रनाम म्हणायचं. सासूबाईंच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायला जागा नव्हती. तिथे नळी होती, चिकटपट्टीने गालाला चिकटवलेली. ती काढल्यावर, सगळं संपल्यावर, नर्सने आम्हाला आत बोलावलं, तेव्हा आम्ही पान ठेवलं. मंद दिवे, टिकटिकणारी यंत्रं आणि काचेपलीकडचे नातेवाईक ही कोणत्या ऋषींची परंपरा? परकं खूळ कुठलं, हे जरा पुन्हा तपासून पाहावं.

आणि आधुनिक काळातलंच उदाहरण हवं असेल तर पवनारला जावं. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही बंद केलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांना कुणी परकं खूळ लागलं होतं असं म्हटलं नाही. मात्र इथे मी स्वतःलाही आवरते. विनोबांचं प्रायोपवेशन आणि माझं इच्छापत्र एक नव्हे. त्यांनी जाणतेपणी, शुद्धीत, अन्न सोडलं. त्याला जी ताकद लागते ती माझ्यात नाही. मी भाकरी सोडणार नाही, आंबा तर नाहीच. माझं मागणं फार साधं आहे. बरं करता येत नसेल, तेव्हा छळू नका.

अरुणा शानबाग यांचं नाव वक्त्यांनी अगदी शेवटी घेतलं, आवाज खाली आणून. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अचेत पडून असलेल्या या परिचारिकेला तिथल्याच परिचारिकांनी बेचाळीस वर्षं सांभाळलं, हीच आपली संस्कृती, असं ते म्हणाले. त्या परिचारिकांपुढे मीही हात जोडते. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्या पंचवीस वर्षांच्या सहकारी मुलीवर रुग्णालयातच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर पिढ्या बदलल्या, तरी परिचारिकांनी तिला अंतर दिलं नाही. पण या गोष्टीचा दुसरा भाग वक्त्यांनी गाळला. लेखिका पिंकी विराणी यांनी तिला शांतपणे जाऊ द्यावं म्हणून तिच्या वतीने याचिका केली तेव्हा न्यायालयासमोर प्रश्न आला, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा? ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो परिचारिकांना दिला आणि याचिका फेटाळली. त्याच निकालात मरणासन्न रुग्णांचे उपचार थांबवण्याची वाट मात्र पहिल्यांदा उघडली. लेखिका प्रेमाने एक म्हणत होती, परिचारिका प्रेमाने दुसरं म्हणत होत्या आणि न्यायमूर्ती दोघींचं ऐकून ठरवत होते. जिच्याबद्दल हे चाललं होतं तिला काय हवं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीत तिला कोण विचारणार होतं? आपण सत्तरी ओलांडलेली माणसं आहोत. आपल्याकडे ती सबब नाही. आणि वक्त्यांना एक विचारायचं आहे. बेचाळीस वर्षं पाळ्या लावून कूस बदलणाऱ्या परिचारिका तुमच्या घराजवळच्या रुग्णालयात आहेत का?

त्यांचा एक आक्षेप मात्र मी मान्य करते, आणि तो टाळ्यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आला नाही. ते म्हणाले, आज ठणठणीत असताना लिहिलेलं उद्याच्या आजारपणात लागू कसं पडेल? प्रश्न रास्त आहे. ‘मला व्हेंटिलेटर नको’ एवढंच लिहिलेले कागद मी पाहिले आहेत आणि ते मूर्खपणाचे आहेत. न्यूमोनिया झालेला साठीचा माणूस चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून पुढे दहा वर्षं नातवंडं खेळवतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रात्रभर नळी ठेवतात, ती काही शेवटाची खूण नसते. म्हणून नुसतं यंत्राचं नाव लिहून भागत नाही, अवस्था लिहावी लागते. बरं होण्याची आशा नाही, मला माणसं ओळखू येत नाहीत, माझा निर्णय मी घेऊ शकत नाही, अशा वेळी काय. हृदय थांबलं तर छाती दाबून सुरू करायचं का? शहाऐंशीच्या देहाच्या फासळ्या त्यात मोडतात, हे कुणी आधी सांगत नाही. नाकातून नळी घालून भरवायचं का? पुन्हा पुन्हा अतिदक्षता विभागात हलवायचं का? आणि हवं काय, तेही लिहावं. लोक ‘नको’चीच यादी करतात. वेदना थांबवणारं औषध हवं, अगदी त्याने गुंगी आली तरी. तोंड ओलं ठेवा. पाठीला जखमा होऊ देऊ नका. जमलं तर घरी न्या. हे सगळं आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर बसून लिहायचं असतं, कारण मोघम लिहिलेलं इच्छापत्र मंडळं बाजूला ठेवू शकतात. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. आणि जोवर तुम्ही शुद्धीवर आहात, बोलताय, तोवर तुमचा शब्द चालतो, तो कागद कपाटातच असतो.

आणखी एक गोष्ट वक्ते म्हणाले नाहीत, पण म्हणायला हवी होती. गडचिरोलीतल्या किंवा पालघरच्या डोंगरातल्या माणसाला व्हेंटिलेटर नाकारण्याचा हक्क सांगणं ही थट्टाच आहे. त्याला आधी रुग्णवाहिका हवी. शहरातही, उपचार थांबवल्यानंतरची सेवा कुठे आहे? वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांचे शेवटचे दिवस सुसह्य करत आलं आहे. अशी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. मॉर्फिनची गोळी स्वस्त असते, पण कायद्याच्या धाकाने ती औषधाच्या दुकानांतून नाहीशी झाली होती. २०१४ साली कायदा सुधारला, तरी लहान शहरांत ती अजून सहज मिळत नाही. वक्त्यांनी यावर आवाज उठवला तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. वेदनाशमनाची सोय नसताना नुसतं इच्छापत्र म्हणजे अर्धंच काम. पण अर्धं काम झालेलं असताना ते फाडा असं सांगणं, हे कोणतं शहाणपण?

सरकारी यंत्रणेबद्दलही थोडं. इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. पण तो अधिकारी नेमलेलाच नव्हता. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं, ते द्यायचं कुणाकडे याचं उत्तर मिळेना, तेव्हा उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर राज्यातल्या पालिकांमध्ये असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२४ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून तिथली सुरुवात केली. न्यायमूर्तींच्या मुलांवर त्यांचा विश्वास नसेल, असं आमचे वक्ते म्हणतील का?

माझं इच्छापत्र झालं आहे. नोटरी आधी ते मालमत्तेचं समजले आणि फ्लॅटचा सर्व्हे नंबर विचारू लागले. समजावल्यावर चष्मा काढून म्हणाले, ‘बाई, याचा एक कोरा नमुना मलाही द्या.’ माझ्या वतीने निर्णय घेणाऱ्यांत पहिलं नाव मुलीचं, दुसरं भाच्याचं. एक प्रत आमच्या डॉक्टरांकडे, एक पालिकेत, एक मुलीकडे. मुलगी वाचून रडली, मग म्हणाली, ‘आई, डोसा खायला जाऊ या का?’ गेलो.

तेच नोटरी येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता संघाच्या खोलीत बसणार आहेत, डॉक्टरही असतील. येताना आधार कार्ड आणि दोन साक्षीदार आणावेत. साक्षीदार शक्यतो घरातले नकोत. माझ्या मैत्रिणीसाठी मी नवा नमुना छापून ठेवला आहे. प्राध्यापक महाशयांनाही निमंत्रण आहे. त्यांना साक्षीदार कमी पडला, तर मी आहे.